महत्त्वाकांक्षा : कोण म्हणालं, कुणाला

बाई,

काल पेपरात तो शब्द पुन्हा भेटला. शेंद्र्याकडे कुठलासा नवा रस्ता होतोय, त्याला बातमीदाराने 'महत्त्वाकांक्षी रस्ता' म्हटलंय. चहाचा कप तसाच ठेवून मी ती ओळ दोनदा वाचली. रस्त्याला कसली आली आकांक्षा? जिथे नेऊन टाकाल तिथे तो पडून राहणार. पण तुम्ही लावलेली खोड अशी की हसून सोडून देता येत नाही. उठले, वही काढली आणि रकाने भरले. कोण म्हणालं : बातमीदार. कुणाला : रस्त्याला. मग काय झालं : अजून काही नाही. तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली, मी स्वतः पंच्याहत्तरी ओलांडली, शहराचं नावसुद्धा बदललं. तरी हा एक शब्द माझ्या मागे आहे, की मीच त्याच्या मागे आहे, हे मला अजून कळलेलं नाही. त्याच्याबद्दल तुम्हाला काही सांगायचं राहिलंय. तुम्ही हयात होतात तेव्हा दोनदा आंतरदेशीय पत्र आणलं होतं. दोन्हींवर शेवटी किराणा मालाची यादी लिहिली.

शनिवारचा शेवटचा तास मला आजही दिसतो. तुम्ही टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवता, त्यात चिठ्ठ्या असतात, प्रत्येक चिठ्ठीवर पुस्तकातला एकेक शब्द. आम्ही मुली रांगेने येऊन एकेक चिठ्ठी उचलतो. आठवडाभर तो शब्द आमचा. नियम एकच, अर्थ लिहायचा नाही. लिहायचं ते असं, की हा शब्द कोण म्हणालं, कुणाला म्हणालं आणि मग काय झालं. तुम्ही ते वाचून बघायच्या आणि तुमच्या जाड, लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत उतरवून घ्यायच्या. नाहीच सापडला तर 'सापडला नाही' असं लिहायचं. "सापडला नाही हाही जबाबच आहे, पोरींनो," असं तुम्ही म्हणायच्या, पण ते लिहिताना मान खाली जायचीच.

एकदा एका मुलीने विचारलं होतं, बाई, अर्थ का नाही लिहायचा? तेव्हा तुम्ही खिडकीत टेकलात आणि आम्हाला तुमची गोष्ट सांगितलीत. तुमचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. बेरीज करताना तुमचे ओठ उर्दूत हलायचे, ते आम्ही रोजच बघत होतो. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि पुढे हुकूम आला की आता मराठीतून शिकवा. "मराठी मला येत होती की," तुम्ही म्हणालात, "पण घरची. दळणाची, भांडणाची, सणावाराची. पुस्तकातली कुठं येत होती? मग कोश घेतला आणि अर्थ पाठ केले, धडाधड. पहिल्याच वर्षी इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले. माझ्या वडिलांच्या वयाचे. स्वागताला उभी राहिले आणि सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले, चिरंजीव साहेब. कोशात अर्थ दिला होता, दीर्घायुषी. अर्थ बरोबर होता गं. पण तो शब्द कोण कुणाला म्हणतं, हे कोशात नव्हतं." आम्ही हसून लोटपोट झालो आणि तुम्हीही हसलात. मला मात्र त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, कारण माझंही सगळं तसंच होतं. आम्ही मेंढरंवाले. शेंद्र्याच्या अलीकडे आमची चार घरं. गावच्या शाळेत चौथी झाले आणि शहरातल्या तुमच्या शाळेत, मुलींच्या वसतिगृहात आले. मला मेंढराच्या पंधरा रंगांना पंधरा शब्द येत होते आणि पुस्तकातला एक धड येत नव्हता.

तुमच्या त्या वहीबद्दल तुम्ही किती कडक होतात, तेही आठवतं. एका वकिलाच्या मुलीला 'कृतज्ञ' आला होता. तिने लिहिलं, शेजारची काकू दूधवाल्याला म्हणाली की मी आपली कृतज्ञ आहे. तुम्ही चष्म्यावरून तिच्याकडे बघून विचारलंत, "मग दूधवाल्यानं पाणी घालायचं थांबवलं का?" वर्ग हसला. ती रडवेली झाली. मग तुमचा आवाज एकदम उतरला. "जे कुणाच्या तोंडातून निघालं नाही ते वहीत येणार नाही. रिकामा रकाना मला चालतो. खोटा नाही चालत." ते तुम्ही तिला म्हणालात, पण माझ्या अंगावर काटा आला. पुढच्याच शनिवारी मी डब्यात हात घातला आणि माझ्या बोटांना ती चिठ्ठी लागली. महत्त्वाकांक्षा. वाचतानाच दोनदा अडखळले.

तो आठवडा मी ज्याला त्याला विचारत सुटले. वसतिगृहाच्या फाटकावर चाचा होते, त्यांना विचारलं. ते डोक्यावरची टोपी सरळ करत म्हणाले, "इत्ता बडा लफ्ज? अपने कने तो नै है बेटा. हौस बोलते, अरमान बोलते. इस्कू कौन बोलता?" स्वयंपाकाच्या मावशी पोळपाटावरून मान वर न करता म्हणाल्या, "आमच्यात हाव म्हणतेत. आन् ती वंगाळ असती." गणिताच्या बाईंना विचारलं, तर त्यांनी मला अर्थच सांगितला, म्हणजे माझ्या काही उपयोगाचा नाही. शब्द शहरात कुठेच नव्हता. छापील होता, भिंतीवरच्या सुविचारात होता, पण तोंडात नव्हता. याआधी दोन शनिवार मी 'सापडला नाही' लिहिलं होतं. तिसऱ्यांदा लिहिताना पुढच्या बाकावरच्या मुली वळून बघणार, हे मला नक्की ठाऊक होतं. शुक्रवारी संध्याकाळी मी पेन्सिल घेतली आणि लिहिलं. कोण म्हणालं : आबा. कुणाला : मला. काय : तू महत्त्वाकांक्षी हो. मग काय झालं : मी शाळेत आले.

आबांनी असलं काही कधीच म्हटलं नव्हतं, बाई. महिनाभर मी घरी गेले नव्हते आणि आबांनी हा शब्द जन्मात ऐकलेला नव्हता. हे एवढं तरी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुमच्या त्या लाल वहीतली ती नोंद खोटी आहे.

आणि खरं सांगू, तुमचाही थोडा राग येतो. दुधातलं पाणी ओळखणाऱ्या तुम्ही, माझी लबाडी तुम्हाला कशी दिसली नाही? तुम्ही वाचलंत, चष्मा काढलात, पुसलात. "आबा हाच शब्द म्हणाले? हाच?" मी म्हणाले, व्हय बाई. "कुठं ऐकला असेल गं त्यांनी?" एक खोटं बोललं की दुसरं तयारच असतं. मी म्हणाले, लासूर स्टेशनच्या बाजारात. मेंढरं विकायला गेलते, तिथं कुणाचं तरी भाषण होतं. तुमचा चेहरा एकदम उजळला. तुम्ही वर्गाकडे वळून म्हणालात, बघा, शब्द कसा चालत येतो, भाषणातून बाजारात, बाजारातून मेंढरांमागं आणि मेंढरांमागून आपल्या वर्गात. मधल्या सुट्टीत तुम्ही ते शिक्षकांच्या खोलीतही सांगितलंत. दोन दिवस गणिताच्या बाई माझ्याकडे बघून गोड हसत होत्या. मी जेवत नव्हते.

दिवाळी झाली आणि आबा आले. का आले ते मला त्यांना बघताक्षणीच कळलं, कारण खांद्यावर घोंगडी होती आणि हातात सुंभाची दोरी. दोरी माझी ट्रंक बांधायला. दिवाळीनंतर आमची माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडतात, शेताशेतात मेंढरं बसवतात, खताच्या बदल्यात धान्य मिळतं. त्या वर्षी मायला एकटीला झेपत नव्हतं. कोकरं सांभाळायला आणि धाकट्या भावाला बघायला कुणीतरी हवं होतं, आणि घरात ते कुणीतरी मीच होते. आबा व्हरांड्यात भिंतीला लागून उकिडवे बसले होते. मी त्यांच्याजवळ उभी होते, आणि रडू आवरत होते. ट्रंक भरायची होती, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात तुम्ही आलात. कोण आहेत म्हणून विचारलंत, मी सांगितलं, आणि तुम्ही माझ्या बापाला वाकून नमस्कार केलात. स्वतः आत जाऊन खुर्ची आणलीत. आबा शहरात कधी खुर्चीवर बसले नव्हते, ते अगदी कडेला टेकले. मग तुम्ही ती लाल वही आणलीत. मला वाटलं आता जमीन फाटून मी आत जाईन तर बरं. तुम्ही सगळं वाचून दाखवलंत. कोण, कुणाला, मग काय. आणि म्हणालात, "इथं मोठमोठ्या लोकांच्या मुली आहेत. पण मुलीला असं तोंडावर म्हणणारा बाप या वहीत तुम्ही एकलेच आहात." आबांनी तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी फरशीकडे बघत होते. तुम्ही विचारलंत, आज कसं येणं केलंत? आबांनी दोरी घोंगडीच्या आत सारली. मी ते बघितलं, तुम्ही नाही. "आसंच आलतो, बाईसाहेब," ते म्हणाले. "पोरीला बघाया."

फाटकापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. चाचांना सलाम करून झाल्यावर आबांनी विचारलं, "म्या काय म्हणलो व्हतो गं?" मी तो शब्द सांगितला. त्यांनी म्हणून बघितला. पहिल्यांदा मोडला, दुसऱ्यांदा मोडला, तिसऱ्यांदा जमला. "वंगाळ हाय का?" मी म्हणाले, नाय. "मग आसू दे," म्हणाले आणि निघून गेले. मला रागावले नाहीत, पुढेही कधी नाही. मी शाळेत राहिले, मॅट्रिक झाले, डी.एड. झाले, पस्तीस वर्षं याच शहरातल्या शाळांतून शिकवलं. सगळं त्या एका खोट्या नोंदीवर उभं आहे, असं मी कितीतरी वर्षं मनात धरून होते.

तुमच्या पद्धतीने मी त्या शब्दाचा माग मात्र सोडला नाही. हे तुम्हाला सांगायला मजा वाटेल म्हणून सांगते. नोकरीच्या नवव्या-दहाव्या वर्षी आमच्या मुख्याध्यापकांनी माझ्या अहवालात लिहिलं, 'कामसू आहेत, परंतु महत्त्वाकांक्षी.' त्या 'परंतु'कडे मी बराच वेळ बघत बसले होते. शेजारीण मुलासाठी मुलगी बघून आली, म्हणाली, बाकी सगळं छान हो, पण जरा महत्त्वाकांक्षी वाटली. पुढाऱ्यांबद्दल बोलताना लोक आधी 'फार' लावतात. माझा भाचा शेंद्र्याच्या कारखान्यात आहे, तो म्हणतो, "आत्या, यंदाचं टार्गेट महत्त्वाकांक्षी आहे असं साहेब म्हणाले की समजायचं, होणार नाही." रस्ता, धरण, योजना यांना मात्र कुणी 'पण' लावत नाही. माणसाला लागतो, आणि त्यातही बाईला हमखास. आणखी एक मौज सापडली. तुमचे तीन रकाने या शब्दाला पुरतच नाहीत, मला चौथा काढावा लागला, 'कुणाबद्दल'. कारण हा शब्द माणसं समोरच्याला म्हणतच नाहीत. पाठीमागे म्हणतात. स्वतःबद्दल म्हणणारं माणूस तर एवढ्या वर्षांत मला एकच सापडलं, आणि ती मुलाखतीला निघालेली पोरगी आरशासमोर सराव करत होती. कुणी कुणाला तोंडावर, मायेने, मध्ये 'पण' न घालता म्हटलं, अशी नोंद तुमच्या वहीत एकच. माझी खोटी. म्हणूनच ती तुम्हाला एवढी आवडली असणार, हे मला फार उशिरा उमगलं.

तुमच्या निवृत्तीनंतर तुम्ही ती वही मला दिलीत. तुमच्या घरच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून तुम्ही शेंगा सोलत होतात. हात पुसलेत, आतून वही आणलीत आणि म्हणालात, "यातला एकूण एक शब्द जिवंत तोंडातला आहे. तू सांभाळशील." तेव्हा बोलायला हवं होतं. शेंगांचं टरफल नखाने खरवडत मी म्हणाले, व्हय बाई, सांभाळीन. तुम्ही ते पान उघडून बोट ठेवलंत. "ही माझी लाडकी," म्हणालात. मी घरी आले आणि कपाटात वही साड्यांच्या खाली ठेवली.

आबांचं काय झालं तेही ऐका. त्यांना तो शब्द फार मानवला. मला पहिली नोकरी लागली तेव्हा ते गावभर सांगत फिरले की म्या म्हणलोच व्हतो पोरीला. पुढे शेजारच्या घरातल्या पोरीला आईबाप शाळेतून काढत होते, तेव्हा आबा स्वतः उठून तिथे गेले. त्या पोरीला समोर उभं करून म्हणाले, "महत्त्वाकांक्षी व्हय बये. लई मोठा शबुद हाय ह्यो. मला शहरातल्या बाईनं सांगितला." ती पुढे नर्स झाली, अजून घाटीच्या सरकारी दवाखान्यात गेले की भेटते. मी ते माझ्या वहीत लिहिलं. कोण : आबा. कुणाला : शेजारच्या मुलीला, तोंडावर. मग : नर्स झाली. हे खरं आहे, माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. मग आता पहिली नोंद काय म्हणायची, बाई? जे बोललं गेलं नव्हतं ते आधी वहीत आलं आणि मग तोंडात गेलं. तुमच्या नियमात याला कुठे बसवायचं, ते मला खरंच कळत नाही. तुम्ही असतात तर भांडायला मजा आली असती.

इथेच थांबावं असं वाटत होतं. खोटं बोलले ते सांगितलं, झालं. पण ते सांगणं सोपं होतं, कारण त्यातून वाईट काही झालं नाही.

मी शाळेत कशी आले, ते मला त्या शुक्रवारी पेन्सिल हातात घेतानाही नीट ठाऊक होतं. चौथी झाली तेव्हाची सकाळ. मेंढरांच्या कुडाजवळ आबा म्हणाले होते, "हिला धाडल्यावर मेंढरामागं कोण जाईल?" माय म्हणाली, "म्या जाईन." "आन् कोकरं?" "ती बी बघंन." मग माय माझ्याकडे वळली. तिच्या हाताला शेण होतं, म्हणून मनगटानेच तिने माझ्या तोंडावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "तू जा. लई शिक. काय शिकायचं ते मला इच्यारू नगंस, मला ठावं नाय. पर लई शिक." कोण म्हणालं, कुणाला, मग काय झालं, सगळं त्यात होतं. मी शाळेत आले ते त्या बोलण्यावर. पुढे कितीतरी हिवाळे ती दोन माणसांचं चालणं एकटी चालली.

शब्द तिचा नव्हता, हे खरं. पण आबांचा तरी कुठे होता? खोटंच लिहायचं होतं तर मायच्या नावाने लिहिता आलं असतं, आणि ते निम्मं खरं झालं असतं. मी पहिलं अक्षर 'मा' काढलंही होतं. मग खोडलं. एवढा मोठा शब्द तिच्या तोंडी शोभणार नाही असं मला वाटलं. तुम्हाला खोटा वाटेल म्हणून नाही, बाई. मलाच तो तिच्या तोंडी हसण्यासारखा वाटला.

आबांनी तो शब्द पुढे तीस वर्षं मिरवला. आल्यागेल्याला सांगायचे, तेव्हा माय शेजारी बसून ऐकायची आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढायची. तुमच्याआधी चार वर्षं ती गेली. शेवटच्या दुखण्यात मी महिनाभर तिच्या उशाशी होते, सगळं बोलणं झालं, मेंढरांचं, धाकट्याचं, तुमचंही. तो शब्द तुझा होता, एवढं मात्र मी तिला सांगितलं नाही.